ग्रहाची चाहूल

दिवाळीची रात्र अमावास्येची असते, हे दिव्यांच्या नादात आपल्या लक्षातच राहत नाही. बिरसात ते कुणाला सांगावं लागत नाही. बालाघाट सोडून बैहरचा घाट चढला, सालाचं जंगल सुरू झालं, की रस्त्यावरचे दिवे विरळ होत जातात. बिरसा हे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. जवळच मलाजखंडची तांब्याची खाण, पलीकडे कान्हाचं अरण्य आणि आजूबाजूला गोंड-बैगांच्या वस्त्या. मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. आजही इथून महाराष्ट्रात यायचं तर लोक बालाघाटहून गोंदियाची गाडी धरतात.

गावाबाहेर धानाच्या बांधावर उभं राहायचं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मोबाइल खिशातच ठेवायचा. दिवाळीच्या दिवसांत रात्री आठ-नऊच्या सुमारास मान पूर्ण मागे टाकली, की जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. पंचांगातल्या भाद्रपदा त्या याच. पश्चिमेकडचे दोन तारे पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडचे दोन उत्तरा भाद्रपदा. पाश्चात्त्यांच्या नकाशात हा पंखवाल्या घोड्याचा, पेगाससचा, भाग आहे.

पूर्वा भाद्रपदांच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ मनातल्या मनात ओढा. तिच्या साधारण मध्यावर, जराशी पश्चिमेला, एक फिकट ठिपका आहे. नागपूर-पुण्यात तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याची आशा धरू नये; बिरसात नजर तीक्ष्ण असेल तर पकडता येतो. हा ५१ पेगासी. बिरसाचा अक्षांश बावीस अंशांच्या आसपास आणि या ताऱ्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, जवळपास एकवीस अंश, त्यामुळे तो इथे अगदी माथ्याजवळून जातो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा पहिला भक्कम पुरावा १९९५ साली याच ठिपक्यापाशी मिळाला. त्याच रेघेच्या पूर्वेला, तितकाच जवळ, एचआर ८७९९ आहे. त्याच्या ग्रहांची चक्क छायाचित्रं निघाली आहेत. आणि पश्चिमेला वीतभर सरकलं की एचडी २०९४५८. त्याचा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रथम पकडला गेला.

सौरमालेबाहेरच्या ग्रहांची संख्या २०२५ च्या सप्टेंबरात सहा हजारांवर गेली. ते ज्या रीतींनी सापडले, त्यातल्या तीन मुख्य रीतींचे आद्य नमुने आकाशाच्या या एवढ्याशा तुकड्यात आहेत. ग्रह मात्र डोळ्यांना एकही दिसत नाही. दुर्बिणीलाही बहुतेक वेळा दिसत नाही. आपला गुरू हा ग्रहांतला थोरला, पण दूरवरून पाहणाऱ्याला तो सूर्याच्या अब्जांश प्रकाशाचा. म्हणून ग्रह शोधणारा माणूस ग्रहाकडे बघतच नाही. तो ताऱ्याकडे बघत बसतो. ताऱ्याची ओळख जितकी पक्की, तितकाच त्याचा ग्रह पक्का. ही गोष्ट समजायला जगाला दीडशे वर्षं लागली, आणि त्या गोष्टीची सुरुवात पुण्यापर्यंत जाऊन पोचते.

पुण्याचा कॅप्टन

विल्यम स्टीफन जेकब हा मुंबई इंजिनिअर्स पलटणीतला कंपनी सरकारचा अधिकारी. १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा उभी केली. त्याला नाद जोडताऱ्यांचा, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांचा. १८४५ ते १८४८ या काळात पुण्यातून घेतलेल्या वेधांवरून त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी तयार केली. वृश्चिकेतला 'न्यू' तारा दुहेरी नसून तिहेरी आहे, हे त्याने १८४७ मध्ये ओळखलं. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला.

तिथे ७० ऑफियुकी या जोडीने त्याला कोड्यात टाकलं. ही जोडी आपल्यापासून साडेसोळा प्रकाशवर्षांवर आहे आणि एक फेरा पुरा करायला तिला सुमारे ८८ वर्षं लागतात. गणिताने जिथे यायला हवी तिथे ती नेमकी येत नव्हती, किंचित चुकत होती. १८५५ साली जेकबने लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की या जोडीत न दिसणारा एखादा ग्रह असण्याचा दाट संभव आहे. दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह मोजमापातून सापडल्याचा दावा करणारा हा जगातल्या पहिल्या लेखांपैकी एक.

दावा चुकीचा होता. १८९६ साली टी. जे. जे. सी या अमेरिकन ज्योतिर्विदाने तोच धागा पुन्हा उचलला आणि १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टनने दाखवून दिलं, की असं त्रिकूट टिकणारच नाही. जेकबच्या वेळच्या मोजमापांत जेवढी चूक असू शकत होती, तेवढ्यातच त्याला ग्रह दिसला होता.

पण माणूस नादावलेला होता. पुण्याजवळच्या डोंगरावर, धुळीच्या वर, वेधशाळा काढायची त्याची योजना होती. ब्रिटिश संसदेने त्यासाठी पैसे मंजूर केले आणि त्याने स्वतःच्या खर्चाने नऊ इंची दुर्बीण घेतली. ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबईला उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात पोचताच त्याचं निधन झालं. वय अठ्ठेचाळीस. त्याचा तो तारा दिवाळीच्या संध्याकाळी सातच्या सुमारास पश्चिमेला कलताना बिरसातून साध्या डोळ्यांनी दिसतो.

चिन्नोरची पारख

बालाघाटचा चिन्नोर तांदूळ नामांकित आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दाणा बोटांत धरून, वास घेऊन, हा चिन्नोर की दुसरं काही, ते सांगणारे जाणकार या भागात असतात. ताऱ्यांच्या बाबतीत हे काम वर्णपट करतो. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा बारीक रेघा आखलेल्या जाळीतून सोडला की रंगांचा पट्टा पडतो, आणि त्या पट्ट्यावर काळ्या उभ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या जागचा रंग खाऊन टाकतं, त्याची ही खूण.

हे शास्त्र पुण्यात लवकर आलं. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून १८८८ साली तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची ग्रब कंपनीची वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यांत मोठी. नायगमवालांनी तिच्यावर वर्णपटमापक बसवून मृगातल्या तेजोमेघाचा अभ्यास केला. १८९८ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहणासाठी ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

त्याच सुमाराला अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन काचेच्या पट्ट्यांवरचे वर्णपट एकेक करून वाचत होत्या. १९१८ ते १९२४ या काळात त्यांनी वर्गवारी केलेल्या सव्वादोन लाख ताऱ्यांची यादी छापली गेली. तिला हेन्री ड्रेपर यांचं नाव दिलं गेलं. ताऱ्यांच्या नावामागचं 'एचडी' ते हेच. कॅननबाईंनी लावलेला क्रम आजही तोच आहे: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. 'ओ' निळसर आणि अतितप्त, 'एम' तांबूस आणि तुलनेने थंड, मध्ये 'जी' आपला सूर्य.

हा क्रम मुळात तापमानाचा आहे, हे गणिताने दाखवण्याचं श्रेय मेघनाद साहांचं. कोणत्या तापमानाला कोणत्या अणूचे किती इलेक्ट्रॉन सुटतात याचं समीकरण त्यांनी १९२० साली मांडलं. रेघ ठळक दिसते ती द्रव्य जास्त असल्यामुळेच असं नाही, तापमान जुळल्यामुळेही ठळक होते. त्याच्या आधाराने १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, हे काढून दाखवलं.

वर्णपटांची संख्या वाढत गेली तशी माणसाची नजर पुरेना. हे काम यंत्राकडे सोपवण्याचा एक आरंभीचा टप्पा पुन्हा पुण्यातच पडला. रवी गुलाटी, रंजन गुप्ता, प्रदीप गोठोसकर आणि एस. खोब्रागडे यांनी १९९४ साली अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये लेख लिहिला: ताऱ्यांच्या वर्णपटांची प्रतवारी संगणकातल्या कृत्रिम न्यूरल नेटवर्ककडून करून घेण्याबद्दल. माहीत असलेले वर्णपट दाखवून यंत्राला शिकवायचं आणि मग नवे ओळखायला लावायचे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जिचा गाजावाजा चालतो, तिला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या मंडळींनी तीस वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या प्रतवारीला बसवलं होतं.

डगमग

आता पुन्हा भाद्रपदांच्या त्या रेघेकडे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दोघंही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. फुगडीत दांडगी मुलगी आणि चिमुरडी असावी तसं: चिमुरडी गरागरा फिरते आणि दांडगी जागच्या जागी डोलते. तारा असा डोलताना कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो. येताना वर्णपटातल्या रेघा निळ्याकडे सरकतात, जाताना तांबड्याकडे. रेल्वे फाटकाशी उभं असताना येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि जाणारीची उतरती ऐकू येते, त्यातलाच प्रकार.

मात्र मापं पाहिली की छाती दडपते. ५१ पेगासीची डगमग सेकंदाला ५६ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाशी तुलना केली तर रेघ चौपन्न लाखांत एका भागाने सरकते. गुरू आपल्या सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटरने हलवतो आणि पृथ्वी अवघ्या नऊ सेंटिमीटरने.

मिशेल मेयर आणि दिदिये केलो यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ही डगमग प्रथम १९९४ च्या शेवटी पाहिली. ग्रह गुरूच्या जवळपास निम्म्या वजनाचा आणि त्याचं वर्ष फक्त सव्वाचार दिवसांचं! बुध आपल्या सूर्याला ८८ दिवसांत फेरी घालतो, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यांना आपल्याच आकड्यांवर विश्वास का बसेना ते कळतं. त्यांनी घाई केली नाही. तारा सूर्याच्या उजेडातून सुटून १९९५ च्या जुलैत पुन्हा हाती लागेपर्यंत ते थांबले, डगमग ठरल्या वेळी ठरली तशीच सापडली, आणि मगच ६ ऑक्टोबरला जाहीर केलं. थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून दुजोरा आला. २०१९ चं नोबेल या दोघांना मिळालं.

तरीही प्रश्न संपला नव्हता. १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी 'नेचर'मध्ये शंका काढली, की हा ग्रह नसेलच, ताराच आतून फुगत-आकसत असेल. पुढच्या वर्षी अधिक बारीक वेध हाती आल्यावर त्यांनी ती शंका मागे घेतली. मोठेपणा दोन्हींत आहे. ताऱ्याचा स्वभाव कळल्याशिवाय ग्रहावर शिक्का मारता येत नाही, हा धडा त्या वर्षभरात सगळ्यांनीच घेतला. 'ओ' आणि 'बी' वर्गातले तारे या रीतीने तपासायला अवघड: त्यांच्या वर्णपटात रेघाच कमी आणि स्वतःभोवतीचा वेग प्रचंड, त्यामुळे आहेत त्या रेघाही पसरट. 'जी' आणि 'के' वर्गात बारीक रेघांची दाटी असते. आधी जात, मग ग्रह, असा क्रम इथेच ठरून जातो.

आपल्याकडे हे काम अबूला चालतं. भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटर दुर्बिणीला 'पारस' नावाचा वर्णपटमापक जोडलेला आहे. ताऱ्याचा उजेड दुर्बिणीतून काचतंतूने एका वेगळ्या खोलीत नेतात. तिथे उपकरण निर्वात पेटीत बंद, आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागापलीकडे हलू द्यायचं नाही, कारण उपकरण किंचित तापलं तरी रेघा सरकतील आणि ग्रह नसताना ग्रह दिसेल. शेजारी थोरियम-आरगॉनचा दिवा सतत जळत असतो. त्याच्या रेघांच्या जागा ठाऊक असतात, त्यांच्याशी ताऱ्याच्या रेघा ताडून बघायच्या. अभिजित चक्रवर्ती यांच्या चमूने २०१८ साली याच उपकरणाने सहाशे प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याच्या ग्रहाचं वजन काढलं: पृथ्वीच्या सत्तावीस पट, आणि वर्ष साडेएकोणीस दिवसांचं. पुढे अडीच मीटरच्या दुर्बिणीवर 'पारस-२' आला आणि त्याने २०२३ मध्ये टीओआय-४६०३ भोवतीचा गुरूच्या तेरापट वजनाचा ग्रह दिला.

झाकोळ

दुसरी रीत समजायला सगळ्यांत सोपी. ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तर तो दर फेरीला ताऱ्यासमोरून जातो आणि तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड जरासा उतरतो. यालाच अधिक्रमण म्हणायचं. गुरू सूर्यासमोर आला तर उजेड शंभरात एक भाग कमी होईल. पृथ्वी आली तर बारा हजारांत एक.

एचडी २०९४५८ चा ग्रह डगमगीवरून आधीच कळला होता. १९९९ च्या सप्टेंबरात डेव्हिड शार्बोनो या विद्यार्थ्याने आपल्या सहकाऱ्यांसोबत त्याचं अधिक्रमण टिपलं, तेही फक्त दहा सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने. उजेड दीड टक्क्याने उतरला, सुमारे तीन तास उतरलेला राहिला आणि पूर्ववत झाला. दर साडेतीन दिवसांनी हेच होतं. २००० साली फिनलंडमधल्या हौशी निरीक्षकांनीही ते मोजून दाखवलं. पुढे केपलर दुर्बिणीने अवकाशातून हीच युक्ती वापरून अडीच हजारांहून अधिक ग्रह शोधले.

इथेही सगळं ताऱ्यावर येऊन ठेपतं. उजेड किती उतरला, यावरून ताऱ्याच्या मानाने ग्रह केवढा, एवढंच कळतं. ताऱ्याचा आकार चुकला तर ग्रहाचाही चुकला. मंद लाल 'एम' तारे लहान, म्हणून त्यांच्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तरी खळगा मोठा दिसतो. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या असल्याच ताऱ्याभोवती २०१७ साली एकूण सात ग्रह मोजले गेले.

एचडी २०९४५८ चा ग्रह समोर असताना ताऱ्याचा थोडा उजेड त्या ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. हबल दुर्बिणीने त्या गाळीव उजेडात सोडियमची रेघ ओळखली. परक्या ताऱ्याच्या ग्रहाची हवा माणसाने तपासली ती पहिल्यांदा. याच सोडियमचा पिवळा दिवा आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं जळत असे.

ज्यांना पाहता आलं, आणि जे निसटलं

तिसरी रीत म्हणजे थेट चित्र. एचआर ८७९९ चे तीन ग्रह २००८ साली अवरक्त प्रकाशात टिपले, चौथा २०१० मध्ये. इथे ताऱ्याचं वय कामी आलं. तारा जेमतेम काही कोटी वर्षांचा, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात तान्हं बाळ. त्याचे ग्रह जन्माच्या उष्णतेने अजून तापलेले आहेत, ताऱ्यापासून लांब आहेत आणि गुरूच्या कित्येक पट जड आहेत. हाच तारा सूर्याएवढा म्हातारा असता तर ग्रह थंडावून चित्रातून गडप झाले असते.

चाहूल रेडिओवरही लागू शकते. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने २००९ साली एचएटी-पी-११ या ताऱ्याकडे कान लावला होता. १५० मेगाहर्ट्झवर क्षीण लहर आली आणि ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा ती थांबल्यासारखी वाटली. पुढच्या वर्षी पुन्हा ऐकलं, तर काही आलं नाही. २०१३ मध्ये छापलेल्या लेखाच्या शीर्षकातच संशोधकांनी 'इशारा' एवढाच शब्द वापरला, शोध म्हटलं नाही. जेकब आणि खोडद यांच्यामधल्या दीडशे वर्षांत शास्त्राने काय कमावलं, ते त्या एका शब्दात आहे.

भारताने नाव दिलेला एक ग्रहही आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने देशोदेशी नावं मागवली तेव्हा एचडी ८६०८१ या ताऱ्याला 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' अशी नावं मिळाली. बिभा चौधुरी या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झालेल्या पहिल्या महिला संशोधक. संतमस म्हणजे झाकोळलेला.

तीन चोर

पहाटे पाचला बिरसाचं आकाश पार बदललेलं असतं. भाद्रपदा मावळलेल्या असतात आणि ईशान्येला सप्तर्षी वर येतात. टाटा संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाची नोंद करून २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. गोंडांच्या आकाशात सप्तर्षी नाहीत. चार ताऱ्यांची खाट आहे आणि मागचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर. आपल्याकडच्या खेड्यांतही जुनी माणसं बाज आणि चोरच सांगतात. कॅननबाईंच्या सात अक्षरांआधी माणसांनी ताऱ्यांची अशीच ओळख ठेवली होती, आणि तीही अंधार होता म्हणून.

तो अंधार आता सगळीकडे आटत चालला आहे. खेड्यापाड्यांत पांढरे एलईडी आले, हे चांगलंच झालं. वाट दिसते, साप दिसतो. पण दिव्याला वरून झाकण नसेल तर बरंचसं वीजबिल आकाशाला जातं. झाकण बसवायला फार खर्च येत नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात ती एक ओळ घालता येते.

आणि एक काम शाळांसाठी. शार्बोनोची दुर्बीण दहा सेंटिमीटरची होती. बिरसा, बैहर, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यातल्या एखाद्या शाळेने वर्गणी काढून तेवढी किंवा जरा मोठी दुर्बीण आणि तिला लावायचा कॅमेरा घेतला, दर दोन मिनिटांनी एचडी २०९४५८ चं चित्र घेतलं आणि शेजारच्या ताऱ्यांशी त्याचा उजेड ताडून आलेखाच्या वहीत मांडला, तर आठवी-नववीच्या मुलांना तो दीड टक्क्याचा खळगा स्वतः काढता येईल. पावसाळा सरल्यापासून डिसेंबरपर्यंत तारा संध्याकाळी सोयीच्या उंचीवर असतो. अधिक्रमणाच्या वेळा आधीच ठाऊक असतात. त्या रात्री ढग आले तर निराश व्हायचं कारण नाही; साडेतीन दिवसांनी ते होतं ते दिवसा, पण सात दिवसांनी पुन्हा रात्रीच.